मापांची वही: एका अपघात-भरपाईच्या नोंदी

13 फेब्रुवारी 2019, सातारा
काल संध्याकाळी सहाच्या सुमारास पोवई नाक्याजवळ मावशीला एका स्कूटरची मागून धडक बसली. ग्रेड सेपरेटरच्या (चौकाखालून वाहने नेणाऱ्या भुयारी मार्गाच्या) कामामुळे तिथला पदपथ पत्रे लावून बंद केलेला आहे आणि पायी जाणाऱ्यांना पत्र्यांच्या कडेने डांबरावरूनच चालावे लागते. मावशी उजव्या हातावर पडली. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या भागात सात टाके पडले. एक्स-रेमध्ये हाड शाबूत आहे, परंतु अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध (लिगामेंट) ताणला गेल्यामुळे चार आठवडे स्प्लिंट बांधून ठेवायचे आहे. गुडघा खरचटला, चष्मा फुटला. थोडक्यात निभावले असे घरात सगळे म्हणत आहेत आणि ते खरेच आहे. मात्र मावशीचा संसार शिवणकामावर चालतो आणि कात्री धरायचा अंगठा तोच आहे.

आजचे एकच काम झाले, पण ते महत्त्वाचे होते. केसपेपरवर इजेचे कारण म्हणून नुसते ‘पडल्याने’ असे लिहिले गेले होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना भेटून विनंती केल्यावर त्यांनी ‘रस्त्यावर दुचाकीची धडक बसून पडल्याने’ अशी दुरुस्ती केली, खाली सही आणि वेळ घातली आणि पोलिसांकडे पाठवायची नोंदही केली.

14 फेब्रुवारी 2019
फिर्याद नोंदवली, भारतीय दंड संहितेची कलमे 279 आणि 337, म्हणजे निष्काळजीपणे वाहन चालवणे आणि त्यातून दुखापत करणे. दोन दिवसांचा उशीर उपचारांमुळे झाला, हे जबाबातच लिहून घेतले.

मावशी तयार नव्हती. स्कूटर चालवणारा मुलगा शेजारच्या पेठेतला, कॉलेजात शिकणारा. धडकेनंतर तो पळून गेला नाही. त्यानेच रिक्षा थांबवून तिला दवाखान्यात नेले. काल त्याचे वडील फळे आणि दोन हजार रुपये घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, खर्च मी देतो, पण केस करू नका.” मावशीचे म्हणणे असे की पोराच्या नोकरीच्या आड मला यायचे नाही. मी दोघांनाही समजावले की स्कूटरचा विमा चालू आहे, मुलाकडे परवाना आहे आणि भरपाई विमा कंपनीने द्यायची असते; पण फिर्याद आणि पंचनामा नसेल तर कंपनी अपघात झाला हेच मान्य करणार नाही. दोन हजार रुपये परत केले. मुलाने स्वतः दवाखान्यात नेल्याचे जबाबात आवर्जून लिहायला लावले, कारण ते त्याच्या बाजूने असलेले सत्य आहे. त्याच्या वडिलांनी विमा पॉलिसी, आरसी बुक आणि परवाना यांच्या झेरॉक्स दिल्या, कंपनीला अपघात कळवण्याचेही मान्य केले.

20 फेब्रुवारी 2019
एक फाइल केली. पहिल्या रात्रीची औषधे 640 रुपयांची होती आणि त्याची फक्त कच्ची चिठ्ठी होती, तिच्यावर नाव नाही, तारीख नाही. मेडिकलवाल्याने संगणकात शोधून त्या तारखेचे पक्के बिल मावशीच्या नावाने छापून दिले. यापुढे प्रत्येक रिक्षाची तारीख, कुठून कुठे आणि भाडे त्याच दिवशी वहीत लिहायचे ठरवले आहे, कारण महिन्याभराने आठवून लिहिलेल्या हिशेबावर लिहिणाऱ्याचाही विश्वास बसत नाही.

4 मार्च 2019
विमा कंपनीने नेमलेले तपासनीस घरी येऊन गेले. बोलणे सौजन्याचे होते. त्यांनी जखमेचे फोटो काढले, चार प्रश्न विचारले आणि निघताना सांगितले की किरकोळ दुखापतीला कायद्यातच 25,000 रुपये ठरलेले आहेत, सही केली तर पंधरा दिवसांत चेक मिळेल. सोबत आणलेल्या छापील पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द होते. मावशी पेन डाव्या हातात घेऊन बसली होती.

मी सही करू दिली नाही. स्प्लिंट अजून निघालेले नाही, अंगठा किती वळेल हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही आणि व्यायामोपचार सुरूच व्हायचे आहेत. खर्च संपण्याआधी ‘अंतिम’ या शब्दाखाली सही करणे म्हणजे पुढचा सगळा खर्च आपल्या अंगावर घेणे. कागदाचा फोटो तेवढा काढून ठेवला.

11 मार्च 2019
वकीलबाईंची भेट. फी 6,000 रुपये ठरली आणि ती कागदावर लिहून घेतली. मिळालेल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून घेणे वकिलांना नियमाने मनाई आहे, हे त्यांनी आपण होऊन सांगितले आणि मला त्या लगेच पटल्या.

25,000 या आकड्याचा उलगडाही झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 163-अ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक भरपाई मागता येते आणि मे 2018 च्या अधिसूचनेने किरकोळ दुखापतीसाठी तिथे 25,000 रुपये ठरवले आहेत. तपासनीस बोलले ते खोटे नव्हते, अपुरे होते. एक तर त्याच अधिसूचनेप्रमाणे 1 जानेवारी 2019 पासून दर वर्षी पाच टक्के वाढ आहे, म्हणजे आजचा आकडा 26,250 होतो. दुसरे आणि महत्त्वाचे म्हणजे कलम 166 खाली, चालकाचा निष्काळजीपणा दाखवून दावा केला तर असा ठरावीक आकडा नाहीच. जे नुकसान झाले ते मागता येते. दोन्ही वाटांनी एकदम जाता येत नाही, एक निवडावी लागते. मागून धडक आणि जागेचा पंचनामा हाताशी असताना 166 निवडणे योग्य, असे त्यांचे मत पडले.

त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 18 ऑक्टोबर 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल वाचायला दिला. कायमचे अपंगत्व नसलेल्या नेहमीच्या दुखापतीत भरपाई तीन गोष्टींची असते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे: उपचार, प्रवास, सकस आहार यांचा आणि त्याबरोबरचा इतर खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, आणि वेदना व मनस्ताप. आमची फाइल याच तीन भागांत लावायची.

2 एप्रिल 2019
बरोबर 49 दिवसांनी मावशी मशीनवर बसली. अर्ध्या तासात अंगठा दुखू लागला. डॉक्टरांनी हलके काम करण्याची परवानगी लिहून दिली. अपघाताच्या दिवसापासून आजपर्यंत शिवणकाम शक्य नव्हते, हेही त्याच प्रमाणपत्रात त्यांनी लिहिले.

7 एप्रिल 2019
कमाई सिद्ध कशी करायची, हा प्रश्न महिनाभर डोक्यात होता. आयकर विवरण नाही, दुकान नाही, पाटीही नाही. आज मावशीने कपाटातून मापांची वही काढली आणि प्रश्न सुटला.

लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली लांबट वही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चौकट: नाव, उंची 14, छाती 36, बाही 10, मागचा गळा 8, कापड दिल्याची तारीख, द्यायची तारीख, दर आणि पैसे आले की शेवटी ‘जमा’. फॉल-पिकोला ‘फोपि’, अस्तराच्या ब्लाउजला नावाखाली एक रेघ. 12 फेब्रुवारीच्या पानावर सकाळच्या तीन ऑर्डरी तिच्या नेहमीच्या तिरक्या अक्षरात आहेत. त्याच्या पुढच्या पानावर अक्षर बदलते. मोठे, वाकडे, शाळेत नुकत्याच घातलेल्या मुलाने काढावे तसे. ते तिने डाव्या हाताने लिहिले आहे आणि अकरा नावांपुढे एकच शब्द आहे: ‘परत’. कापड न शिवता परत केले. त्यानंतर 2 एप्रिलपर्यंत पाने कोरी आहेत.

इतका बोलका पुरावा कोणत्याही दाखल्यात मिळाला नसता. वही मात्र द्यायला ती राजी नव्हती, कारण गिऱ्हाइकांची मापे तिच्यात आहेत. मी सगळी मापे नव्या वहीत उतरवून देईन या अटीवर तिने होकार दिला. दोनशेच्या वर चौकटी आहेत.

14 मे 2019
आजपासून काम पूर्ववत. 2 एप्रिलपासूनच्या 42 दिवसांत ऑर्डरी निम्म्याच घेता आल्या, हे नव्या वहीत दिसते. व्यायामोपचारांच्या बारा बैठका झाल्या. खर्च थांबला, तेव्हा आता बेरीज करता येईल.

अपघाताआधीच्या बारा महिन्यांत वहीत 1,62,480 रुपये जमा आहेत, म्हणजे महिन्याला 13,540. सुरुवातीला मी शेवटच्या सहाच महिन्यांची सरासरी काढली होती आणि ती बरीच जास्त येत होती, कारण त्यात दिवाळी आणि लग्नसराई दोन्ही येतात. ते प्रामाणिक नव्हते, म्हणून वर्षभराची घेतली. दोरा, हुक, अस्तर, वीज, मशीनचे तेल यांचे महिन्याला 2,140 वजा करून 11,400 उरतात, दिवसाला 380. पूर्ण बुडालेल्या 49 दिवसांचे 18,620 आणि निम्म्या कामाच्या 42 दिवसांचे 7,980, असे कमाईचे नुकसान 26,600. दवाखाना, औषधे आणि व्यायामोपचार 12,870, रिक्षाच्या सोळा फेऱ्या 1,920, धुणीभांडी आणि स्वयंपाकाला दोन महिने बाई ठेवली त्याचे 3,600, दूध, अंडी, फळे यांचे 2,500, चष्मा 1,850. हे सगळे मिळून 49,340. वेदना व मनस्ताप यांचे 25,000 धरले. एकूण मागणी 74,340.

वकीलबाईंनी विचारले, गोल आकडा, दोन लाख, का नको? अर्थात त्यांना माझे मत पाहायचे होते. मी म्हणालो, प्रत्येक रुपयामागे एक कागद आहे असे म्हणता आले पाहिजे. दोन लाख मागितले तर समोरचा सगळाच आकडा फुगवलेला समजेल आणि वहीची किंमत कमी होईल.

10 जून 2019
मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम 166 खाली अर्ज दाखल झाला. सोबत फिर्याद, पंचनामा, केसपेपर, बिले, प्रमाणपत्रे आणि मूळ वही. झेरॉक्सचे दोन संच आमच्याकडे.

(5 एप्रिल 2022 रोजी घातलेली भर: ही नोंद कोणी नमुना म्हणून वापरणार असेल तर पुढील बदल ध्यानात घ्यावा. 1 एप्रिल 2022 पासून कलम 163-अ राहिलेले नाही. नव्या कलम 164 मध्ये चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहेत. हाड मोडणे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतीत येते, मग घरात त्याला कोणी किरकोळ का म्हणेना. त्यामुळे फ्रॅक्चर असेल तर कोणत्याही कागदावर सही करण्याआधी हे कलम वकिलांकडून समजून घ्यावे. दावा दाखल करण्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही आता आली आहे. आम्ही मे महिन्यापर्यंत उपचार संपण्याची वाट पाहिली ती या मुदतीतही बसली असती, पण फार मोकळीक उरली नसती.)

9 जुलै 2019
कंपनीच्या वकिलांचे पहिले उत्तर: अर्जदार गृहिणी आहे, उत्पन्नाचा पुरावा नाही, दुखापत साधी आहे, तडजोडीसाठी 38,000. आकडा कसा काढला याचा एका ओळीचाही हिशेब नाही. आम्ही दुसरा आकडा सांगितला नाही. वहीच्या चौदा पानांच्या झेरॉक्स पाठवून एवढेच विचारले की आमच्या कोणत्या रकमेला आपली हरकत आहे आणि का, ते कृपया लिहून कळवावे.

9 ऑगस्ट 2019
कंपनीच्या कोल्हापूर कार्यालयात आज बैठक होती. पंचगंगेच्या पुराने महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली आहे. बैठक अर्थातच रद्द. या दिवसांत आमच्या दाव्याविषयी बोलणेही बरे वाटत नाही.

28 ऑगस्ट 2019
कोल्हापूरला जाऊन आलो. दाव्यांचे काम पाहणारे अधिकारी मन लावून वाचणारे निघाले. त्यांनी पहिलीच हरकत दिवाळीच्या गर्दीवर घेतली. हिशेब बारा महिन्यांचा आहे हे दाखवल्यावर ती त्यांनी मागे घेतली आणि कमाईचे 26,600 जसेच्या तसे मान्य केले. कामवालीच्या 3,600 वर मात्र ते अडले, कारण पावती नव्हती. त्या बाईंचे सहीचे निवेदन आम्ही पाठवू, असे ठरले.

खरी अडचण पुढे आली. सगळे धरून 52,000 पर्यंत जाता येईल, पण अर्जदार पदपथ सोडून रस्त्यावरून चालत होती, म्हणून तिची स्वतःची चूक 20 टक्के धरून 41,600, असे त्यांनी मांडले. पंचनाम्यात पदपथ पत्र्यांनी बंद असल्याचे वाक्य आहे, हे मला पाठ होते. मी ते पान काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दोनदा वाचले. “याचा विचार करावा लागेल, पण माझ्या अधिकारात आज होणार नाही,” असे म्हणाले. मला ते उत्तर सरळ वाटले. मावशी बाहेर बाकावर बसली होती. तिला 41,600 सांगितल्यावर तिने पैशांविषयी काही विचारले नाही, “माझी चूक होती असं लिहिणार का ते?” एवढेच विचारले.

यापुढे 20 टक्क्यांचा मुद्दा रकमेपेक्षाही महत्त्वाचा मानायचा, असे मी तेव्हाच ठरवले.

17 सप्टेंबर 2019
एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले की अंगठ्याच्या अपंगत्वाचे पाच टक्क्यांचे प्रमाणपत्र ‘करून मिळेल’, मग दावा दोन लाखांवर जाईल. नकार दिला. अंगठा आता पूर्ण वळतो, डॉक्टरांनी तसे लिहिले आहे. एका खोट्या कागदाने आमचे सगळे खरे कागद संशयात पडले असते, आणि ज्या माणसाचा हात खरोखरच अधू झाला आहे त्याच्या प्रमाणपत्राकडेही उद्या लोक तशाच नजरेने पाहतील, याची मला अधिक चीड आली.

वाहतुकीच्या नव्या दंडांच्या गवगव्यात भरपाईचा कायदाही बदलला, असे पेठेत कोणी तरी मावशीला सांगितले. वकीलबाईंना विचारले, भरपाईच्या प्रकरणातले बदल अजून लागू झालेले नाहीत.

20 नोव्हेंबर 2019
दावा 14 डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवायला दोन्ही बाजूंनी संमती दिली. तिथली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नसते, म्हणून कुठे थांबायचे हे घरीच ठरवून जायला हवे.

मावशी, मी आणि वकीलबाई तासभर बसलो. जे 49,340 रुपये खिशातून गेले किंवा हातात यायचे राहिले, ते घासाघिशीचे पैसे नाहीत. ते पूर्ण यायला हवेत. वेदनेचे 25,000 हा अंदाज आहे, त्यात मागेपुढे होऊ शकते. पण 12,000 च्या खाली नको, असे मावशीने स्वतः सांगितले. म्हणजे 61,340 च्या खाली सही नाही, आणि मावशीची चूक धरून कपात असेल तर कितीही रकमेवर सही नाही. असे झाले तर साक्षीपुरावा करू, मग दोन-तीन वर्षे लागली तरी चालतील.

14 डिसेंबर 2019
जिल्हा न्यायालयाच्या आवारात मांडव, खुर्च्या आणि सकाळपासून माणसांची दाटी. आमचा क्रमांक दुपारी एकच्या पुढे आला. पॅनेलवर न्यायाधीश, एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्त्या. समोर कोल्हापूरचे तेच अधिकारी.

त्यांनी 55,000 पासून सुरुवात केली आणि 20 टक्क्यांची कपात सोडून दिल्याचे आपणच सांगितले. मी मावशीकडे पाहिले. तिने मान हलवली. वकीलबाईंनी आकडा न बोलता हिशेबाचा कागद पुढे केला आणि म्हणाल्या की यातल्या कोणत्या ओळीवर वाद उरला आहे ते सांगावे. कामवालीच्या निवेदनावर हरकत उरली नव्हती. म्हणजे वाद फक्त वेदनेच्या ओळीवर होता: 5,660 की 25,000.

सामाजिक कार्यकर्त्या बाईंनी फाइलमधली वही उघडली. 12 फेब्रुवारीच्या पानावर थोडा वेळ थांबून त्यांनी पुढचे पान उलटले आणि मावशीला विचारले, “हे डाव्या हातानं लिहिलंय?” मावशी म्हणाली, “होय. लोकांचं कापड अडकून राहायला नको.” वही त्यांनी न्यायाधीशांकडे सरकवली, त्यांनी ती अधिकाऱ्यांकडे. कोणीच काही बोलले नाही. अधिकारी बाजूला जाऊन फोनवर बोलून आले आणि त्यांनी 62,000 सांगितले. वकीलबाईंनी व्याज आणि दाव्याचा खर्च यांची आठवण करून दिली. शेवट 65,000 वर झाला, व्याज आणि खर्चासह, 45 दिवसांत भरण्याच्या अटीवर. तडजोडीच्या कागदावर मावशीच्या चुकीचा उल्लेख नाही, हे दोनदा वाचून पाहिले आणि मग तिने उजव्या हाताने सही केली.

फी वजा जाता 59,000 हातात येतील. खरे नुकसान सोडून वेदनेचे म्हणून 9,660 उरतात. आम्ही ठरवलेल्या 12,000 पेक्षा ते कमी आहेत, कारण ठरवताना फी मी हिशेबात धरली नव्हती. ही माझी चूक आहे आणि पुढे कोणाला मदत करताना फी पहिल्याच ओळीत लिहीन.

7 फेब्रुवारी 2020
कंपनीने रक्कम 24 जानेवारीलाच, मुदतीच्या आत, न्यायाधिकरणात भरली होती. आज ती मावशीच्या खात्यात जमा झाली. स्कूटरवाल्या मुलाच्या वडिलांना फोन करून कळवले.

6 मार्च 2020
मूळ कागद परत मिळण्याचा अर्ज मंजूर झाला आणि वही घेऊन आलो. पुठ्ठ्यावर न्यायाधिकरणाचा शिक्का आणि निशाणी क्रमांक आहे. मावशीने ती पुसून मशीनशेजारी ठेवली. मी उतरवलेल्या नव्या वहीत सहा जणींचा मुंढा आणि बाही उलटसुलट लिहिली गेली आहे, हे तिने ती वही हाती आल्यावर पहिल्याच महिन्यात ओळखले होते म्हणे. वर्षभर ती मापे तिने आठवणीवरच कापली. आज संध्याकाळी जुन्या वहीवरून ती दुरुस्त करायला बसलो आहोत.